सातवा विषय

ओउलूत फेब्रुवारीत चार वाजताच दिवे लागतात.
हिल्प्पा काचेवरची वाफ बाहीनं पुसते
आणि फळ्यावर लिहिते: तीन तास, सहा विषय.
सुचवलेले आलेत तेवीस.

"आधी माझा घे," वेइक्को म्हणतो.
"रोज चार हजार चाचण्या, त्यातल्या चाळीसेक
आज पास, उद्या नापास,
हवा बदलली की गुडघे दुखावेत तशा."
त्या वगळायच्या,
की खरं फक्त त्याच बोलताहेत?
ती लिहिते: लहरी चाचण्या, पंचवीस मिनिटं.
"कमी आहेत," वेइक्को म्हणतो.
सगळेच म्हणणार आहेत, कमी आहेत.

दुसरा, फझरचा.
ते यंत्र रात्रभर कर्नलच्या दाराशी बसून
हाताला येईल ते आत फेकत असतं:
उणे लांबीची फाइल,
मिटलेल्या दाराला पुन्हा मिटण्याचा हुकूम,
एकाच जागेच्या दोन चाव्या, एकाच क्षणी.
असलं काही शहाणं माणूस मागणार नाही,
म्हणून कुणा शहाण्यानं त्याचं उत्तरही लिहिलेलं नाही.
मडकं घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघतात
तसंच हे,
फक्त सेकंदाला नऊशे वेळा,
आणि मडकं आधीच चुलीवर चढलेलं,
कुणाकुणाचा भात त्यात शिजतोय.

मग सायमी, जी सहसा बोलत नाही:
"सापडलेल्या चुका आपण मोजतो.
आलेख चढतो, टाळ्या पडतात.
निस्तरतं कोण?"

खोलीत तेवढा रेडिएटर बोलतो.

उघडे अहवाल बाराशे.
त्यातले तीनशे एकट्या ओस्मोच्या नावावर.
फाइल सिस्टीमचा एक जुना कोपरा तो सांभाळायचा,
काजानीतल्या घरून, बिनपगारी, मुलं झोपल्यावर.
ऑक्टोबरपासून त्याचं उत्तर नाही.
शेवटचं होतं ते असं:
यंत्र थकत नाही हे मला कळतं.
त्याला माझं कळतं का?

"देखभाल करणाऱ्यांवरील ताण," वेइक्को मथळा सुचवतो.
हिल्प्पा लिहिते. पुसते.
लिहिते: ओस्मोला कोण विचारणार?
असले मथळे कार्यक्रमपत्रिकेत शोभत नाहीत.
ती तो तसाच ठेवते.

चौथा, पाचवा, सहावा भराभर लागतात,
हार्डवेअर कुणाचं, वीजबिल कुणाचं,
एकच चूक पाच नावांनी आली तर धरायची किती.

उरतो एक, कुणीच न सुचवलेला.
एकोणीस जानेवारी, पहाटे तीन बारा:
कर्नल एकदाच कोसळलं.
तोच मारा लाखभर वेळा पुन्हा केला,
काही नाही.
यंत्रानं प्रकरण आपणहून मिटवलं,
शेरा मारला: पुनरावृत्ती नाही.

हिल्प्पाला आर्नेमामा आठवतो,
समुद्राच्या बर्फावर मासे धरायला जाणारा.
पाऊल टाकण्याआधी लोखंडी पहार आपटायचा,
ठण्ण वाजलं की पुढे.
परततानाही प्रत्येक पावलाला आपटायचा,
स्वतःच्याच ताज्या ठशांवर.
"आत्ताच तर आलो इथून," ती लहानपणी कुरकुरायची.
"आलो तेव्हा तेव्हाचा बर्फ होता," मामा म्हणायचा.

फळ्याच्या अगदी तळाशी ती बारीक अक्षरांत लिहिते:
सात. जे एकदाच घडलं. जेवणाच्या सुट्टीत, ज्यांना यायचं त्यांनी.

सगळे गेल्यावर कोट चढवता चढवता फोन लावते.
बराच वेळ वाजतो.
"हिल्प्पा बोलतेय. अहवालाचं काही नाही.
तळ्यावरचा बर्फ किती झालाय तिकडे?"

पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी करतं.

"अर्धा मीटर," ओस्मो म्हणतो.
थोडं थांबून,
"पण पुलाखाली भरवसा नाही."